वेळ नाही

पहाटे पाचला गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडते
ग्रंथालयाच्या जुन्या कार्डानं. खरवडणी गेल्या हिवाळ्यात मोडली,
नवी घ्यायची राहून गेली.
सरोवराकडून वारा येतो. ईरीत त्याला कुणी वारा म्हणत नाही,
नुसतं म्हणतात, आज लेक चिडलंय.

तलावातलं पाणी कोमट. लाइफगार्ड पोरगा जांभया देतो.
चौथ्या लेनमध्ये लोरेन कोवाल्चिक, वय चौऱ्याहत्तर.
छत्तीस वर्षं पोस्टात पत्रं लावली तिनं,
आता पाणी लावते: थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.
मी तिच्या लेनमध्ये.
पहिल्या महिन्यात दर चौथ्या फेरीला ती मला गाठायची
आणि टाचेला बोट लावायची.
इथं त्याचा अर्थ, बाजूला हो.
मला वाटलं, विचारपूस करतेय.

इथला तलाव वारांत मोजतात.
पंचवीस वार. हे मला लगेच कळलं,
मीटर कधी कळला नव्हता तसं.
आईचं लुगडं नऊ वारांचं,
म्हणजे तीन लुगडी अंथरली
तर दोन वार पलीकडच्या भिंतीवर चढतील.

तिचंच एक जुनेर माझ्या कमरेला होतं
म्हैसाळच्या विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा,
दुसरं टोक तिच्या हातात.
ती स्वतः कधी पाण्यात उतरली नाही.
काठावरून ओरडायची, पाय मार गं, पाणी काही खात नाही.
एक दिवस टोक सोडून दिलं, आणि सांगितलं नाही.
मी तीन चकरा तशाच मारल्या,
जुनेर मागं शेपटासारखं.

मग जिल्हा, मग विभाग.
सत्त्याऐंशी साली शंभर मीटर बेडूक,
एक मिनिट सत्तावीस पूर्णांक चार.
अजून पाठ आहे, जसा पाठ राहतो
आता कुणीच उचलत नाही अशा घराचा फोन नंबर.

फिजिओ म्हणतो, खांद्याला विचारून करा.
विचारलं. दिवसा तो काही बोलत नाही,
रात्री दोनला बोलतो.

स्पर्धेचा पोशाख इतका घट्ट,
की लोरेननं मागून ओढला, मी पुढून,
आणि बाकावर बसून दोघी धाप लागेतो हसलो.
तिनं माझ्या पोटावरचा व्रण पाहिला.
स्वतःचा दाखवला.
बस, एवढंच.

काल रात्री अर्ज भरला.
वयोगट पंचावन्न ते एकोणसाठ.
हृदयाला काही झालं तर आम्ही जबाबदार नाही, इथे सही.
मग रकाना: यापूर्वीची वेळ.
एक सत्तावीस लिहिलं. खोडलं.
ती त्या मुलीची वेळ. मी कशी लावू?
आमचा कोच टेरेन्स म्हणाला होता, नसेल तर एन टी लिही.
नो टाइम.

वेळ नाही.

पेन धरून बसून राहिले.
हेच तर लिहीत आले मी सगळ्या रकान्यांत.
लेकीच्या शाळेला, दवाखान्यातल्या रात्रपाळीनंतर शेजारणींना.
आईनं फोनवर विचारलं, पोहतेस का गं अजून,
तेव्हाही हेच दोन शब्द,
आणि मागं भांडी घासल्याचा आवाज.
आणि या कागदावर त्यांचा अर्थ केवढा साधा:
अजून मोजलेलं नाही.

एन टीवाल्यांना कडेची लेन देतात,
भिंतीलगतची, जिथं सगळ्यांच्या लाटा
परत येऊन आदळतात. चालेल.

आज सूर मारायची तालीम होती.
ठोकळ्यावर चढले. गुडघे कुरकुरले, खाली पाणी
विहिरीइतकं खोल दिसलं, होतं साडेसहा फूट.
उडी मारली. चष्मा हनुवटीवर, टोपी कुठं कोण जाणे,
डोळे मिटून चार फेऱ्या, भिंत हाताला लागेपर्यंत.

वर पाहिलं. लोरेनच्या हातात टेरेन्सचं घड्याळ.
दाबायलाच विसरली होती.
म्हणाली, बघतच राहिले गं मी. पुन्हा कर.

टोपी शोधून आणली.
पुन्हा चढले.