सायलेन्सरची अर्थिंग

उद्यमबागेत, खड्ड्यात उभा राहून
भरमा गुंजीकरनं सायलेन्सरला तांब्याची वेणी आवळली.
रबरावर लोंबतोय, करंट साठतो,
अर्थिंग केली की मायलेज वाढतं,
असं कुणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलेलं.

मीटर लावला. आधी शून्य पॉइंट दोन,
नंतरही तेच.
‘मॅनिफोल्डातनं इंजिनाला जोडलेलाच हाय की हो.’
साहेब ऐकेनात. दीडशे रुपये दिले.

संध्याकाळी ट्रायल. पिरनवाडीच्या पुढं
रेडिओत धारवाड आणि सांगली एकमेकांत घुसलेले,
मधली खरखर मात्र
कमी झाल्यासारखी.
‘झाली ना?’
भरमा काच वर करून ऐकत राहिला.

खाली चार टायर, रबराचेच.
अर्थिंग म्हणायचं,
आणि माती लागते ती मडगार्डाला,
चिखलाची.