उपासनेच्या वेळी

आमचा रविवार शुक्रवारी येतो.
चौदा वर्षं झाली, तरी जालन्याच्या बहिणीला
फोनवर हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.
रूवीच्या आवारात सकाळी मल्याळी, मग तामिळ, मग फिलिपिनो,
आणि तीन ते साडेचार आम्ही:
नऊ कुटुंबं, एक कीबोर्ड,
आधीच्यांच्या अत्तराचा, दमलेल्या एसीचा वास,
आणि साडेचारला दारात उभे उर्दूवाले,
म्हणून पाळक आशीर्वाद जरा घाईनेच देतात.

कीबोर्ड मी वाजवते.
म्हणजे त्या शुक्रवारीही वाजवायला हवा होता.

तबिथाची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा नेमकी तीनला.
उल्हास गुरुवारी रात्री सोहारहून आला,
बंदरातली क्रेन अजून खांद्यात घेऊन.
म्हणाला, तू जा तिच्याबरोबर, मी जातो उपासनेला,
घरातलं कुणीतरी असलं म्हणजे झालं.
जसं लग्नाच्या आहेराचं बोलावं, तसं.

हाडांच्या वॉर्डात सात वर्षं काढलेली बाई
पोरीला ज्युदोला घालते, हे माझं मलाच कळत नाही.
मनगटं, कोपरं, खुबे
कसे मोडतात ते रात्रभर बघते,
आणि घरी येऊन तिच्या पट्ट्याची गाठ घट्ट ओढते.
मंडळीतल्या एकीने चहा घेताना विचारलंही,
आपण दुसरा गाल पुढे करणारी माणसं, मारामारी कशाला?
मी म्हटलं, ज्युदोत गालाला हात लावत नाहीत.
ती हसली नाही.

हॉलमध्ये निळ्या चटया. कोच बदरिया,
डोक्याला घट्ट काळा रुमाल, शिट्टी नाही, नुसता तळहात.
समोर शैमा, तबिथाहून वीतभर उंच.
दोघी वाकल्या.
एकमेकींच्या कॉलरी धरल्या.
आणि असरची बांग सुरू झाली.

कोचने तळहात वर केला.
थांबा म्हणजे थांबा, सोडा नव्हे.
दोघी तशाच उभ्या,
मुठीत मूठभर एकमेकींचे कपडे,
कपाळ कपाळाला टेकायचंच राहिलेलं.
शैमाचे ओठ हलत होते.
तबिथाने डोळे मिटले होते, जेवणाआधी मिटते तसे,
एक किलकिला ठेवून,
मोठा पापड कुणाच्या ताटात ते बघायला.

तीन वीस.
रूवीत आता दुसरं गीत चाललं असणार, कीबोर्डशिवाय,
उल्हास वरच्या सुरात चुकत असणार.
मी खुर्चीच्या कडेवर,
बोटं पाण्याच्या बाटलीवर आपोआप त्याच चालीत.
काही मागावं तर काय मागू?
हिला जिंकू दे, म्हणजे त्या पोरीला पाड?
तिची आई दोनच खुर्च्या पलीकडे,
एका हातात जपाचे मणी, दुसऱ्यात तिचीही बाटली.
मग इतकंच म्हटलं, प्रभू, बघ.
नुसतं बघ.
व्हिसा, बदली, सासूबाईंची साखर,
इतकी वर्षं यादी घेऊन जाणारी मी,
त्या दिवशी यादी सापडलीच नाही.

बांग संपली. तळहात खाली आला.
तिसऱ्या सेकंदाला तबिथा पाठीवर,
हात चटईवर आपटल्याचा आवाज
शिकवल्यासारखा स्वच्छ.
माझ्यातली आई उठली, नर्सने तिला खाली बसवलं.

पट्टा मिळाला तरी. पडणं नीट होतं म्हणे.

गाडीत बराच वेळ गप्प राहून,
"आई, तिच्या कॉलरमधून धडधड लागत होती मला."
मग, "ती घाबरली होती की प्रार्थना करत होती?"
मी सिग्नल बघत होते. दोन्ही, म्हटलं.
"मी पण," ती म्हणाली, आणि फलाफल मागितलं.

रात्री तिने उल्हासला गादीवर पडायला शिकवलं,
खालच्या मजल्यावरच्या मिसरी काकांनी
छताला काठी ठोकेपर्यंत.
उपासना कशी झाली विचारलं, तर म्हणाला,
बरी झाली, तुझ्यावाचून बेसूर.
पण पाळकांना घाई नव्हती आज.
उर्दूवाले उशिरा आले.