डावभर दूध

पहाटेचे पाच. जिवाजीगंजात कोहरा.
धुकं म्हणवत नाही याला,
धुकं काय, ऊन आलं की उठून जातं.
हा दारात बसून राहतो दहा-दहा वाजेपर्यंत
उधारी वसूल करायला आल्यासारखा.

आज तिघऱ्याला सहल, धरणावर.
घरची एकोणीस माणसं, तीन गाड्या, बॅडमिंटनच्या रॅकेटी,
आणि ओजसनं रविवारीच सगळ्यांना सांगून टाकलंय,
आई चॉकलेट करणार आहे.
आई म्हणजे मी.
मला चकल्या येतात, सुरळीच्या वड्या येतात.
चॉकलेट मला आजवर फक्त सोलता आलंय.

मोठ्या भगोन्यात पाणी, त्यावर छोटा भगोना,
त्यात पाटणकर बाजारातल्या दोन काळ्या लाद्या, सुरीनं फोडलेल्या.
आधी कडा चमकल्या,
मग तुकड्यांनी एकेक करून माना टाकल्या,
मग नुसता काळा तजेला, त्यात ट्यूबलाइट वाकडी दिसत होती.
मी खूश होऊन चमचा घातला.

चमचा ओला होता.
एक थेंब. शपथ घेऊन सांगते, एकच.
आणि ते सगळं आखडलं,
ओल्या रेतीसारखं गोळा होऊन
माझ्याकडे पाठ करून बसलं.

वर पावलं वाजत होती.
चित्राताईंचा ओव्हन चारलाच सुरू होतो,
केकच्या ऑर्डरी असतात.
थोरली जाऊ. मधे अठरा पायऱ्या.
ऑगस्टमध्ये, ओजसच्या वाढदिवसाला,
सगळ्यांसमोर मी हसत हसत म्हटलं होतं,
घरच्यांनाही बिल लावता का हो?
तेव्हापासून त्या मला हो आणि नाही
एवढंच बोलतात. कधी कधी नुसतं हं.

भगोन्यावर ताटली झाकून मी जिना चढले.
त्यांनी ताटली उचलली, वाकून पाहिलं.
"पाणी गेलं?"
"एक थेंब."
"थेंबानंच होतं."
आणि गॅसवरच्या कोमट दुधातनं
डावभर दूध त्यात ओतायला निघाल्या.
मी मनगटच धरलं त्यांचं. अहो, पाण्यानंच तर बिघडलंय!
"थोडक्यानं बिघडतं," त्या म्हणाल्या, "भरपूर घातलं की सुटतं.
सोड हात."

मधोमध, रुपयाएवढं गोल, त्या ढवळत राहिल्या.
आधी आणखीच फाटलं. मी तोंड फिरवलं.
मग काठाकडून एक गुळगुळीत रेघ आली,
तिच्यामागून दुसरी,
आणि त्यांची ट्यूबलाइट त्यात वाकडी दिसायला लागली.

"वड्या नाही व्हायच्या आता. मऊ राहील. गजक आहे घरात?"
मोरेन्याची होती, अर्धा डबा.
वर्तमानपत्रात गुंडाळून मी लाटण्यानं कुटली,
तिळाचा वास, गुळाचा वास,
खालून सासऱ्यांचा आवाज, भूकंप झाला का गं?
लाडू वळताना दोघींचे हात मनगटापर्यंत काळे,
त्यांच्या कपाळावर आलेली बट
मला मागे सारता येईना, त्यांनाही.
एकोणचाळीस झाले. प्रत्येकी दोन, एक उरला.
तो कुणी खाल्ला ते सांगत नाही.
थंडीला फ्रिज कशाला,
जिन्याच्या खिडकीत ठेवले, वीस मिनिटांत धरले.

बोललो काहीच नाही तसं.
मी खाली निघाले तेव्हा त्या नळाखाली हात धुत
माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"बिल पाठवते."
हसल्या की नाही, पाठीवरून कळलं नाही.

तिघऱ्याला बाराला ऊन पडलं.
डबा उघडला, पोरं तुटून पडली,
बोटं चाटली, मग त्याच बोटांनी रॅकेटी धरल्या.
तळाच्या कागदाखाली पावतीबुकातलं एक पान होतं, त्यांच्या अक्षरात:
दूध, एक डाव. उधार.

त्या लांब, पाण्याकडे तोंड करून,
कुणाला तरी स्वेटर घाल म्हणून ओरडत होत्या.
पान चिकट झालं होतं.
मी ते तसंच पर्समध्ये ठेवलं, किल्ल्यांपाशी.