उणे एक

पद्मावतीच्या शाखेत, खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर
मी बसतो. कर्ज विभाग. पंखा माझ्या वाट्याला येत नाही,
तो भिंतीवरल्या घड्याळाला वारा घालतो.

सुलभा गवंडे आल्या त्या मंगळवारी.
धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपमागे खानावळ,
कणीक मळायचं यंत्र हवंय, एक लाख दहा हजार.
आधार, पॅन, दोन फोटो, सगळं साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
मी नंबर टाकला. चक्र फिरलं.
उत्तर आलं: उणे एक.

"म्हणजे काय हो?
मी तुमचं एक देणं लागते का?"

नाही बाई. म्हणजे आजवर तुम्ही
कुणाचंच काही घेतलं नाहीत.
फ्रिज रोखीनं, मुलीचं लग्न भिशीतून,
नवऱ्याच्या आजारपणात पाटल्या मोडल्या.
यंत्राच्या लेखी तुम्ही अजून जन्मलाच नाहीत.

त्याच सकाळी सातशे एक्क्याण्णव येऊन गेला होता,
बाणेरहून, गाडीची किल्ली टेबलावर ठेवत.
तीन कार्डं. एकाचं दुसऱ्यातून, दुसऱ्याचं तिसऱ्यातून,
तारखेच्या आत, न चुकता.
त्याच्यासाठी मी चहा मागवला. खोटं कशाला बोलू.

मेहुणा विचारतो, या आकड्यात खरंच काही असतं का?
असतं. हजार माणसं एका गठ्ठ्यात बांधा,
किती बुडवतील ते तो बऱ्यापैकी सांगतो.
कोण बुडवेल, ते त्याला ठाऊक नसतं.
आणि माझ्या टेबलासमोर हजार माणसं
कधी एकदम येत नाहीत.
एकेक येतं. खुर्ची ओढतं. घाम पुसतं.

कधी तर निर्णय आधीच झालेला असतो,
वरून फोन येतो,
आकडा आम्ही मागाहून शोधतो, पत्रात लिहायला.

तरी त्याचा मला पुरता राग येत नाही.
या शाखेत पूर्वी आकडा नव्हता, देवधर साहेब होते.
माझा बाप शिलाई मशीनसाठी त्यांच्यासमोर उभा राहिला.
साहेबांनी चष्मा वर केला, "मूळचे कुठले?"
मग आडनाव पुन्हा वाचलं, सावकाश,
आणि फॉर्म घडी घालून परत दिला.
चहा मात्र पाजला.
वेगळ्या कपात.
आकडा आडनाव वाचत नाही.
पिनकोड वाचतो, म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

गवंडेबाईंनी पिशवीच्या तळातून वही काढली.
"ही चालेल का?"
बारा वर्षं, महिन्याला चाळीस-पंचेचाळीस पोरं,
नावापुढे ताटं, तारीख आणि एक खूण.
टिंब म्हणजे उशीर करेल, पण देईल.
दोन टिंबं म्हणजे मागायचं नाही,
त्याच्या घरी काहीतरी चाललंय.
फुली म्हणजे आधी पैसे, मग भाकरी.

"बुडवले किती जणांनी?"
"दोघांनी." मग जरा थांबून,
"एकाची फुली खोडलीये. मागच्या दिवाळीत
नांदेडहून पाठवले त्यानं, अकराशे.
वर चिवड्याचा डबा."

आमच्या शाखेचं बुडीत मी इथे लिहीत नाही. नोकरी आहे.

शेऱ्याच्या रकान्यात एकशे वीस अक्षरं मावतात.
मी वही त्यात कोंबायला बसलो.
'अर्जदार स्वतःच बारा वर्षं उधार देत आहेत,
वसुली उत्तम, पद्धत', इथे कर्सर अडला.
पद्धत काय, ते राहिलंच.

मुख्य कचेरीचं उत्तर आठवड्यानं:
स्कोअर पुन्हा तपासून पाठवावा.
तपासला.
उणे एक.

शनिवारी हाफ डे नव्हता, तरी तिथे जेवायला गेलो.
पिठलं, ठेचा, शेवटची भाकरी जरा करपलेली.
सुट्टे नव्हते माझ्याकडे, नेटवर्क गेलेलं.
"राहू द्या हो, लिहून ठेवते,"
शेगडीशेजारी वही उघडून,
कणकेच्या बोटांत पेन धरून
बाईंनी नाव लिहिलं माझं.
हात क्षणभर थांबला.
मग पुढे काहीतरी खूण केली.

माझ्या पाटावरून ती दिसत नव्हती.
पैसे सोमवारी देऊन आलो,
तेव्हाही वही बंदच होती.