क्रूसाचा चुना

आमच्या गल्लीतला क्रूस
प्लेगच्या साली उभारलेला.
इनासच्या पणजोबांच्या बापाने म्हणे
चार पोरं पुरली,
आणि पाचव्याला कडेवर घेऊन
पाथरवटाला बयाणा द्यायला गेला.

पाचवा जगला. म्हणून आम्ही.
लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात
इनासने हे सांगितलं,
हातात चुन्याची बादली देत.
मी हसले होते.

आता त्याच्या हातात सुई.
सोमवार, बुधवार, शनिवार.
परळला, चौथ्या मजल्यावर
चार तास त्याचं रक्त बाहेर फिरून येतं,
माणूस बाजाराला जाऊन यावा तसं.
मी बाकड्यावर.
पहिल्या वर्षी एका फेरीत
नऊ रोझऱ्या व्हायच्या.
दुसऱ्या वर्षी तीन.
मग माळ पर्सच्या तळाशी,
पावत्यांत गुरफटलेली.

देवाला मी काय काय बोलले
ते फादरलाही सांगितलेलं नाही.
बांगड्या विकून आले त्या दिवशी
क्रूसासमोर छत्री तिरकी धरली.
उन्हासाठी नव्हे.

यंदा गल्लीत रोझरी सुरू झाली
तेव्हा मी दार लावलं
आणि मिक्सर चालू केला, रिकामाच.
तरी ऐकू यायचं.
दुलसीनचा फाटका आवाज,
पावलू नेहमीसारखा अर्धा शब्द मागे,
आणि शेवटी इनासचं नाव.
रोज.
शेजारणीचं दूध उतू जाताना दिसलं
की आपण आत शिरून गॅस बंद करतो,
विचारत नाही,
तसं.

एकतीस तारखेला दुलसीन आली,
उकडलेल्या चण्यांचा पुडा घेऊन.
"तुझा वाटा," म्हणाली,
बसलीसुद्धा नाही.
इनासला चणे वर्ज्य.
मीच खाल्ले, ओट्यापाशी उभ्याने,
शेवटचा दाणा कागदाला चिकटला होता तोही.

बरं काही झालेलं नाही.
रिपोर्ट तसेच,
किडनीच्या यादीत आमचा नंबर एकशे बारा.
पण दुसऱ्या दिवशी पाहिलं,
क्रूस यंदा चुन्यावाचून राहिला होता.
ते काम आमच्या घरचं.
कुणीच हात लावला नव्हता.

बादली मीच उचलली.
इनास प्लास्टिकच्या खुर्चीत, टोपी घालून,
सांगत होता, डावीकडे राहिलं,
खाली बघ, तिथे साल कोरलंय,
बुजवू नकोस.

मी ब्रश आडवा धरला,
आकड्यांच्या खाचा
मोकळ्या ठेवल्या.