तंबाखू मळून होईस्तोवर

मशीन साधं आहे: हळदीच्या पोत्यात खुपसायची सळई,
मुठीशी डबी, डबीत ब्लूटूथची चिप,
आणि ओलाव्याचा आकडा जातो व्यापाऱ्याच्या फोनवर.
चाळीस डब्या गेल्या सांगलीच्या मार्केट यार्डात.
तीन परत आल्या.
‘बंद करून चालू केली की मुकी होते’
एवढंच चिठ्ठीवर,
आणि कोपऱ्यात एक पिवळा अंगठा.

माझ्या टेबलावर एकही मुकी झाली नाही.
कुपवाडच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी बंद करायचे, वहीत वेळ लिहायचे, चालू करायचे.
दोनशे अकरा वेळा जोडली गेली.
दोनशे बाराव्यांदा मी तिच्याशी भांडले.

ड्रायव्हर माझ्या आधीच्या माणसाचा.
तो पुण्याला गेला, मागे एक ओळ ठेवून:
पाच मिलिसेकंद थांब.
पाचच का, ते कुठेही नाही.
पाहुणे येतायत, चहा टाक, असं सांगून
कुणी निघून जावं
आणि किती पाहुणे ते सांगू नये, तसं.

शेवटी यार्डातच गेले.
सिद्राम पोत्यावरून पोत्यावर चालला होता.
आकडा अडकला की अंगठ्यानं टकटक,
बंद-चालू एका श्वासात,
जांभई मधेच गिळावी तशी.
मी वेळ लिहून मान वर करेस्तोवर
त्याची चार पोती झाली होती.
म्हणजे माझी वहीच उतारा होती
आणि मी रोग शोधत बसले होते.

रात्री ऑसिलोस्कोप लावून मीही टकटक केलं.
वीज तोडली, पण रेघ पडली नाही.
ती उतरत गेली, पायरी पायरी चाचपत,
आणि अर्ध्या व्होल्टवर रेंगाळली.
कपॅसिटरच्या पोटात उरलेलं थोडंसं.
तेवढ्यावर चिप ना जागी, ना झोपलेली.
तिच्या लेखी ती बंद झालीच नव्हती.
मग आपण पुन्हा चालू कुणाला करत होतो?

खाली बाहुबली मगदूम अण्णांचं दुकान,
मोटार वाइंडिंग, स्टार्टर दुरुस्ती.
डिग्रजपासून नदीकाठच्या निम्म्या मोटारी
त्यांच्या हाताखालून गेलेल्या.
मी विचारलं, त्यांनी तांब्याच्या तारेवरून नजर काढली नाही.
‘लाल दाबलंस की लगीच हिरवं दाबू नगं.
वर चढल्यालं पाणी माघारी येतंय,
पंखा उलटा फिरतोय. त्यो थांबू दे.
न्हाईतर शाफ्ट पिळवटतोय.’
किती वेळ थांबायचं, अण्णा?
‘तंबाखू मळून होईस्तोवर.’
मी हसले. ते हसले नाहीत.

रविवारी क्रम बदलला.
जाताना आधी एनेबल खाली, मग वीज बंद,
मग शंभर मिलिसेकंद काहीच नाही.
येताना आधी वीज. ती ठरू दे. मग एनेबल.
आणि तरी बोलायचं नाही.
चिप स्वतःहून एक तार खाली ओढते,
‘हं’ म्हटल्यासारखी,
तेव्हाच पहिला शब्द.
हे शेवटचं लिहायला मला फार वेळ लागला.
समोरच्याचं ‘हं’ यायच्या आत
मी कायम अर्धं वाक्य बोलून झालेली असते.
घरी विचारा.

शंभरच्या पुढे कारण लिहिलं:
कपॅसिटर पूर्ण रिकामा होऊ द्यावा.
खाली अण्णांचं वाक्यही लिहिलं, जसंच्या तसं,
मग खोडलं.
मग परत लिहिलं.

मंगळवारी सौदे चालू असताना
मी सिद्रामच्या मागे उभी.
त्यानं टकटक केलं. दिवा गेला, आला.
मधल्या त्या सेकंदाच्या दहाव्या भागात
मी पोत्याची सुतळी घट्ट धरून ठेवली होती.
‘नऊ पॉइंट चार,’ तो ओरडला,
आणि सळई पुढच्या पोत्यात.
त्याला काही वेगळं वाटलं का, विचारणार होते.
‘बाजूला व्हा मॅडम,’ तो म्हणाला.
माझी नखं शुक्रवारपर्यंत पिवळी होती.