सव्वा सेकंद

जेलरोडला, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत,
ताजनपुरेकाकांच्या ओट्यावर मी बसले
घड्याळवाल्याकडून आणलेले दोन बटणसेल मुठीत धरून.
काकांनी आतून तांदळाचा डबा आणला,
कोपरापर्यंत हात घातला
आणि कॅमेरा वर काढला.
‘बुरशी धरत नाही,’ म्हणाले. ‘बावीस पावसाळे असाच आहे.’

याशिका. कातडं सोलत आलेलं,
बोटांना काळा भुगा लागला.
आदल्या दिवशी भद्रकालीत एक पाहिला होता,
चकचकीत, सगळं आपोआप.
दुकानदार म्हणाला, ताई, नुसतं बटण दाबा, बाकी तो बघतो.
मग मी काय बघू?

मी अंबडला कारखान्यात बुश मोजते, दिवसाला चारशे.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
माल परत पाठवलाय मी, शिव्या खाऊन.
त्यामुळे लाजले नाही.
मागचं दार उघडलं, फोमवर नख टेकवलं:
गुळासारखा चिकट. असू दे, तो बदलता येतो.
सेल घातले, आत लाल ठिपका लागला, मग हिरवा.
भिंग काढून उजेडाला धरलं,
एक डोळा मिटून.
धूळ होती, जाळं नव्हतं.
पाती कोरडी.

काका गप्प. चहा गार झाला.
मग म्हणाले, ‘तूही तपासणीतलीच का गं?’

चौतीस वर्षं नोट प्रेसमध्ये त्यांचं काम एवढंच,
ताव उलटायचे
आणि चुकलेला शोधायचा.
गेटवर झडती, जेवणाचा डबासुद्धा उघडून.
कॅमेऱ्याचं तर नावही काढायचं नाही.
‘म्हणून ओव्हरटाइमच्या पैशातून हाच घेतला,’ म्हणाले,
आणि त्याचं उत्तर झालं असावं असं त्यांना वाटलं.

मी आकडा फिरवत राहिले.
हजारावर चुटकी.
साठावर कुणीतरी कडी लावल्यासारखं.
एकवर मात्र आत काहीतरी घरघरत राहिलं,
थकलेला माणूस जिना चढतो तसं,
आणि मग टप्.
मोबाइलवर मोजलं, पाच वेळा. पाचही वेळा सव्वा.

‘एका सेकंदाला सव्वा लागतोय. दोनशे कमी करा.’
‘पाव सेकंद जास्त मिळतोय,’ काका म्हणाले,
‘त्याचे वाढवून दे.’
हसले नाहीत. मीच हसले.
मग डब्यातले तांदूळ सारखे करत म्हणाले,
‘माहितीये मला. दिवे गेले की कंदिलाच्या उजेडात
लेकीचे काढायचो. तिला सांगून ठेवलं होतं,
एक म्हण. आणि म्हणून झालं तरी हलू नकोस.’
लेक आता कुठे असते, मी विचारलं नाही.
दोनशेही सोडून दिले.

पाचशेच्या नऊ नोटा.
त्यांनी एकेक उजेडाला धरली,
एक डोळा मिटून.
सातवी बाजूला ठेवली. माझ्या पोटात गोळा.
‘खोटी नाही गं. कापणी जराशी तिरकी आहे.
सुटली कुणाच्या तरी हातून.’
आठ पाकिटात गेल्या.
ती एक त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली,
आणि खिशावर हात.

रोल नाशकात मिळाला नाही.
मुंबईहून येईल म्हणे, आठ दिवस लागतील.
बिटको चौकात शेअर रिक्षा पकडली,
मांडीवर रिकामा कॅमेरा,
दाराच्या बिजागरीत तांदळाचा एक दाणा अडकलेला,
तो काढला नाही.

द्वारकेला सिग्नल लागला. संध्याकाळ झाली होती.
समोर एक बाई द्राक्षांची पाटी उतरवून
मान मोकळी करत उभी.
आकडा एकवर आणला,
श्वास धरला,
बटण दाबलं.
एक, म्हटलं मनात.
म्हणून झालं तरी हलले नाही.
रिक्षा हलली.